नटसम्राटाला झोप का हवी होती?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



चोपड्याच्या गुरुवारच्या बैठकीत एका काकींनी प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाई रोज रात्री अंथरुणावर पडताना म्हणतात, 'देवा, माका आता व्हर.' झोपेतच न्यावं, सकाळी जाग येऊ नये, एवढंच त्यांचं मागणं. हे मागणं पाप आहे का? आणि झोप एवढी गोड असते, तर मरणसुद्धा तसंच गोड का नसावं?"

बैठकीत सगळे गप्प झाले, कारण असं बोलणारं माणूस प्रत्येकाच्याच घरात आहे किंवा होऊन गेलंय. आरतीची वेळ झाली आणि बोलणं अर्धं राहिलं. ते पुढे न्यावं म्हणून आजचं हे चिंतन.

हाच प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एका नाटकात आलेला आहे. सत्संगाच्या पत्रात नाटकाचं काय काम, असं कोणी म्हणेल. पण आमच्या पेडण्यात देव आणि नाटक कधी वेगळे नव्हतेच. जत्रेला पालखी फिरून आली की दशावतारी उभे राहतात. गणपती होतो, शंकासुर होतो, मग आख्यान रंगतं आणि गाव रात्रभर जागतं. वाड्यावरची मुलं तोंडाला रंग लावून देवापुढे मराठी नाटक करतात. देवासमोर जे होतं त्याचा विचार सत्संगात करायला हरकत नसावी.

ते नाटक म्हणजे वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट'. 1970 च्या डिसेंबरात मुंबईत धी गोवा हिंदू असोसिएशननं ते रंगभूमीवर आणलं. म्हणजे या नाटकाच्या जन्माला आपल्या गोंयकारांचा हात लागला आहे. डॉ. श्रीराम लागू बेलवलकर झाले होते, शांता जोग कावेरी. पुढे 1974 मध्ये या नाटकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातलं स्वगत आजही शाळा-कॉलेजांच्या एकपात्री स्पर्धांत ऐकू येतं. सोळा वर्षांचा मुलगा पांढरी दाढी लावून ते म्हणतो, टाळ्या पडतात. पण ते स्वगत नेमकं काय विचारतं, तिकडे आपलं लक्ष जात नाही.

गोष्ट आपल्याला माहीत आहे. गणपतराव बेलवलकर मोठा नट. निवृत्त होताना जे आहे ते सगळं मुलगा आणि मुलगी यांना वाटून टाकतो. मग मुलाच्या घरी तो जड होतो. मुलीच्या घरी त्याच्यावर चोरीचा संशय घेतला जातो. बायको कावेरी जाते. ज्या नाटकांवर हा माणूस राज्य करत होता, त्याच नाटकांच्या थिएटराबाहेर तो रस्त्यावर येतो.

स्वगतात हा म्हातारा जगण्यामरण्याच्या उंबऱ्यावर उभा आहे. त्याला वाटतं, मरण म्हणजे एक लांब झोप, आणि अशी झोप लागावी की परत जागं व्हायला नको. तेवढ्यावर मन शांत होणार इतक्यात त्याला शंका येते की त्या झोपेतही स्वप्नं पडली तर काय करायचं? मग सुटका कसली? त्या अनोळखी स्वप्नांच्या भीतीनं माणूस इथला अपमान गिळत जगत राहतो. शेवटी त्याची तक्रार दोन्हीकडे जाते, खाली लेकरांकडे आणि वर देवाकडे. दोघांनीही आपल्याला टाकलं असं त्याला वाटतं.

या विचाराचं मूळ शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'मध्ये आहे. ते नाटक साधारण 1600 च्या सुमाराचं. मराठीत गोपाळ गणेश आगरकरांनी 1883 मध्ये ते 'विकारविलसित' या नावानं आणलं. पण हॅम्लेट तरुण राजपुत्र आहे. बेलवलकर बाप आहे, आजोबा आहे. राजपुत्राच्या तोंडचा प्रश्न शिरवाडकरांनी आपल्या घरातल्या ओसरीवर आणून ठेवला. काकींच्या सासूबाई शेक्सपियर वाचायला गेलेल्या नाहीत, तरी त्या तेच बोलतात.

आता या प्रश्नाचे आपण तीन भाग करूया.

*पहिला भाग: झोपेत आपल्याला नेमकं काय मिळतं?*

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य आणि जनकराजा यांचा संवाद आहे. चौथ्या अध्यायात याज्ञवल्क्य गाढ झोपेबद्दल सांगतात. त्या अवस्थेत बाप बाप राहत नाही, आई आई राहत नाही, आणि चोर चोर राहत नाही. जागेपणी आपल्याला चिकटलेली सगळी नावं तिथे गळून पडतात.

हे बेलवलकरांना लावून बघा. त्यांचं दुःख कुठे आहे? 'मी बाप' इथे आहे आणि 'मला चोर म्हणाले' इथे आहे. ऋषींनी नेमकी हीच दोन नावं घेतली, बाप आणि चोर. या दोन्हींपासून माणसाला रोज रात्री काही तास सुट्टी मिळते. मुलाशी भांडण झालेलं असो, कर्ज असो, कोर्टात केस असो, गाढ झोपेत त्यातलं काही नसतं. म्हणून झोप गोड. म्हाताऱ्या माणसाला ती जास्तच गोड वाटते, कारण त्याच्या डोक्यावर नावांचं ओझं जास्त असतं.

पण सकाळी काय होतं? जाग येते आणि बाप पुन्हा बाप होतो. राग जिथे ठेवला होता तिथेच सापडतो. झोपेनं ओझं उतरवलं होतं, फेकलं नव्हतं. मरणाला झोप म्हणणाऱ्यानं ही गोष्ट विसरू नये.

*दुसरा भाग: स्वप्न कोण पाडतं?*

त्याच संवादात स्वप्नाचाही विचार आहे. स्वप्नात रथ दिसतो, घोडे दिसतात, रस्ता दिसतो, पण तिथे रथ, घोडे, रस्ता काही नसतं. बघणारा स्वतःच ते उभं करतो. सामान त्याचंच. दिवसभर जे मनात साठलं त्याचंच रात्री नाटक होतं. नट तोच, लिहिणारा तोच, आणि तिकीट काढून बघायला बसलेलाही तोच!

म्हणजे बेलवलकरांची भीती खोटी नव्हती. राग, अपमान आणि अपेक्षा गाठोड्यात बांधून जो झोपेल, त्याला त्याच गाठोड्यातली स्वप्नं पडणार. आपलं शास्त्र तर म्हणतं की हे गाठोडं देह सुटल्यावरही सुटत नाही. म्हणून काकींच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर असं की झोप गोड आहे म्हणून मरणही तसंच सुटकेचं असेल, हा हिशेब बरोबर नाही. गाठोडं सोडायचं तर ते जागेपणीच सोडावं लागतं. झोपेत हात रिकामे वाटतात, पण गाठ सुटलेली नसते.

मांडूक्य उपनिषद फक्त बारा मंत्रांचं आहे. त्यात जागृती, स्वप्न आणि गाढ झोप या तीन अवस्था सांगितल्यात, आणि त्यांच्या पलीकडचं चौथं सांगितलंय. ते चौथं म्हणजे आणखी एखादी खोल झोप नव्हे. तिन्ही अवस्था ज्याच्यासमोर येतात आणि जातात, तो ते चौथं. सत्संगात आपण जे शोधतो ते हेच.

इथे एक नवल वाटतं. बेलवलकर नट होता. भूमिका अंगावर चढवायची आणि खेळ संपला की पुसून टाकायची, हे त्यानं आयुष्यभर केलं. आपल्या दशावतारी कलाकारांबद्दल म्हण आहे, 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा.' रात्रभर सिंहासनावर बसलेला माणूस पहाटे तोंड धुतो आणि पेटारा उचलून पुढच्या गावची वाट धरतो. त्याला त्यात अपमान वाटत नाही. राजा आपण नव्हतोच, हे त्याला पक्कं माहीत असतं. बेलवलकरांनी राजांच्या भूमिका अशाच उतरवल्या. फक्त दोन भूमिका उतरल्या नाहीत. एक सम्राटाची, दुसरी ज्याचं ऋण मुलांनी फेडायला हवं अशा बापाची. रंगमंचावरची विद्या घरात वापरता आली नाही. आपल्यातल्या कितीजणांना ती येते, ते ज्यानं त्यानं आपल्याशी बघावं.

इथे थांबलो तर चिंतन सोपं झालं असतं. बापानं अपेक्षा सोडावी, मोह टाकावा, नाम घ्यावं, प्रश्न मिटला. पण असं थांबणं अन्याय होईल. म्हणून तिसरा भाग.

*तिसरा भाग: झोप कोण मोडतं?*

शेक्सपियरच्या शोकनाटकांत झोपेवर पुन्हा पुन्हा घाला येतो. हॅम्लेटचा बाप दुपारी आपल्या बागेत झोपला असताना सख्खा भाऊ त्याच्या कानात विष ओततो. 'मॅकबेथ'मध्ये राजा पाहुणा म्हणून घरी आलेला असतो आणि यजमान त्याला झोपेत मारतो. शिरवाडकरांनी 'नटसम्राट'च्या आधी, 1954 मध्ये, हे नाटक 'राजमुकुट' म्हणून मराठीत आणलं होतं. खून केल्या केल्या मॅकबेथला आवाज ऐकू येतो की तू झोपेचाच खून केलास, आता तुला झोप नाही. त्याची बायको झोपेत उठून चालते आणि हातावर नसलेलं रक्त धूत बसते. राजवाडा आहे, मऊ बिछाना आहे, पण झोप गेली.

आपल्या महाभारतात यासाठी एक पूर्ण पर्व आहे, सौप्तिक पर्व. सौप्तिक म्हणजे झोपलेल्यांविषयीचं. युद्ध संपलंय. अश्वत्थामा रात्री वडाच्या झाडाखाली बसलाय. झोपलेल्या कावळ्यांना एक घुबड मारतंय हे त्याला दिसतं आणि त्यातून त्याला युक्ती सुचते. कृपाचार्य समजावतात की झोपलेल्यांवर हत्यार उचलणं धर्म नव्हे. तो ऐकत नाही. शिबिरात शिरून धृष्टद्युम्नाला आणि द्रौपदीच्या पाच मुलांना मारतो. त्याला मिळालेली शिक्षा बघा. त्याला मरण मिळालं नाही. हजारो वर्षं एकट्यानं भटकत राहण्याचा शाप मिळाला. ज्यानं दुसऱ्यांची झोप मोडली, त्याला विसावाच मिळाला नाही.

झोपलेल्याला मारणं एवढं मोठं पाप का? तो प्रतिकार करू शकत नाही हे एक कारण. त्याहून खोल कारण असं की जो झोपतो तो विश्वास टाकून झोपतो. दाराबाहेर जे आहेत ते आपले आहेत, ते सांभाळतील, या भरवशावर माणूस डोळे मिटतो. झोपलेल्याला मारणारा एका माणसाबरोबर हा भरवसाही मारतो.

आणि म्हणून आम्हाला वाटतं, 'नटसम्राट'मध्ये तलवार नसली तरी घाला तोच आहे. बेलवलकरांनी सगळं वाटून दिलं तेव्हा ते मुलांच्या भरवशावर डोळे मिटून निर्धास्त झाले होते. त्या निर्धास्त माणसावर त्याच्याच माणसांनी घाव घातला. मग त्याला उरलेलं आयुष्य खरी झोप नाही, नुसती झोपेची इच्छा आहे. 'देवा, मला ने' हे शब्द पुष्कळदा मरणाची इच्छा नसतात. ते विचारत असतात, 'इथे मी कोणाला हवा आहे का?'

हे आपल्यापासून लांब नाही. मोपाला 2023 च्या जानेवारीपासून विमानं उतरू लागली आणि पेडण्यात जमिनीला भाव आला. ज्या भाटाकडे कोणी बघत नव्हतं त्याच्या कागदांवर सह्या घ्यायला माणसं दारात बसतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यानं आईबापांच्या मालमत्तेतला अर्धा वाटा मुलांसाठी राखीव आहे. बापानं मनात आणलं तरी मृत्युपत्रानं तो दुसऱ्याला देता येत नाही. मुलांची काळजी कायद्यानं घेतली. आईबापांसाठी 2007 चा केंद्राचा कायदा आहे. सांभाळ करायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते देणं रद्द करून घेता येतं. पण तशी अट होती हे दाखवता यावं लागतं, आणि मुलाकडून अट लिहून घ्यायला कुठल्या आईची जीभ वळेल? कायदा जमीन परत देईल. मोडलेली झोप तो परत देणार नाही.

शेक्सपियरच्याच 'किंग लिअर'मध्ये राज्य मुलींना वाटून देणारा म्हातारा राजा आहे. 'नटसम्राट' पाहताना त्याची आठवण येतेच. वादळात भटकून लिअरचं डोकं फिरतं. मग धाकट्या मुलीच्या, कॉर्डेलियाच्या छावणीत त्याला आणतात. वैद्य त्याला झोपवतो. ती शेजारी बसून राहते. जाग येते तेव्हा लिअरला वाटतं की आपल्याला थडग्यातून बाहेर काढलंय. मरणासारखी झोप आणि त्यातून परत येणं, दोन्ही इथे आहे. फरक एवढाच की डोळे उघडले तेव्हा समोर आपलं माणूस होतं. वेडा झालेला बाप तिला ओळखतो. हे औषधानं जितकं झालं तितकंच ती उशाशी बसली म्हणूनही झालं.

बेलवलकरांना कॉर्डेलिया मिळाली नाही. त्यांना मिळाला राजा नावाचा बूटपॉलिशवाला पोरगा. ना रक्ताचा, ना वारस. ज्याला या म्हाताऱ्याकडून एक पैसा मिळायचा नव्हता त्यानंच त्याला आसरा दिला. ज्यांना सगळं मिळालं त्यांच्या घरात जागा नव्हती. इथे शिरवाडकरांनी उपदेश केलेला नाही, नुसतं दाखवलंय.

आता या तीन भागांची सांगड घालूया. वेदान्त सांगतो की भूमिका उतरव, तू बाप नाहीस, तू चोर नाहीस, तू बघणारा आहेस. हे सत्य आहे. पण ते सांगायचं कोणाला? स्वतःला. बेलवलकरांनी ते स्वतःला सांगितलं असतं तर ते मुक्त झाले असते. मुलानं तेच बापाला सांगितलं असतं तर ती क्रूरता झाली असती. शब्द तेच, पण कोण कोणाला सांगतो यावर त्याचं अमृत होतं किंवा विष. *वैराग्य स्वतःसाठी असतं, दुसऱ्यासाठी करुणा असते.* दुसऱ्याला वैराग्य शिकवून आपली जबाबदारी टाळणं, हे सत्संगाला येणाऱ्यांच्या हातून सहज घडतं, कारण आपल्याकडे शब्द तयार असतात. 'आई, मोह सोड' असं म्हणून आपण तिचा पंखा दुरुस्त करायचं विसरतो.

तेव्हा काकींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. नाही, हे मागणं पाप नाही. देवाकडे थकवा सांगणं पाप कसं असेल? पण ऐकणाऱ्यानं ते ऐकलं पाहिजे. मरणाची तयारी आणि जगण्याचा कंटाळा यांत फरक आहे. जो तयार झालाय तो शांत असतो, त्याला जेवण गोड लागतं, नातवंडं आवडतात. जो कंटाळलाय तो जेवत नाही, बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडतो. त्याला उपदेश नको, माणूस हवं. कधी कारण अगदी देहाचं असतं. गुडघे दुखतात, रात्री चार वेळा उठावं लागतं, एखादं औषध सोसत नाही. डॉक्टरांना दाखवावं. आणि कोणी स्वतःला संपवायची भाषा करत असेल तर त्याला एकटं ठेवू नये. सरकारचा टेली-मानस हा फोन 14416 वर रात्रंदिवस चालतो. देवाचं नाव घेणं आणि फोन लावणं यांत काही विरोध नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग्याच्या झोपेचीही चिंता केली आहे. फार झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि फार जागणाऱ्यालाही साधत नाही. झोप आणि जाग बेताची असली की योग दुःख हरतो. झोपेला भगवंतांनी तुच्छ मानलेलं नाही, मग घरातल्या म्हाताऱ्यांच्या झोपेला आपण तुच्छ मानायचं नाही.

या आठवड्यासाठी साधना अशी घ्यावी:

1. रोज रात्री अंथरुणावर बसून दिवसभरात अंगावर चढवलेल्या भूमिका एकेक करून आठवाव्यात. मालक, सून, बाप, शेजारी, ग्रुपचा अ‍ॅडमिन. प्रत्येकीला मनातल्या मनात उतरवून देवापुढे ठेवावं. गाठोडं न घेता झोपावं.

2. आज आपल्यामुळे कोणाची झोप मोडली का, ते बघावं. मोडली असेल तर सकाळची वाट बघू नये. तो जागा असेल तर तेव्हाच जाऊन बोलावं.

3. घरातलं सगळ्यात वयस्क माणूस झोपायच्या आधी त्याच्याजवळ दहा मिनिटं बसावं. मोबाईल बाहेर ठेवून. काही सांगायचं नाही, उपदेश तर नाहीच. पाणी उशाशी आहे का, पांघरूण पुरतं का, एवढं बघावं. आणि उठताना म्हणावं, "आये, मी हांगाच आसां."

या एका वाक्याच्या भरवशावर माणूस डोळे मिटतो. ते म्हणायचं आणि खरं करून दाखवायचं, एवढा धर्म जरी आपल्या हातून झाला तरी पुष्कळ.

॥ सद्गुरुचरणी अर्पण ॥ 🙏